लाल दिवा, कोपऱ्यावरचा पंप आणि कलम ३९:४-६६.२ : न्यू जर्सीतल्या एका तिकिटाचा प्रकरण अभ्यास

प्रसंग नमुन्यादाखल रचलेला आहे. चौक काल्पनिक आहे, कायदा खरा आहे.

संध्याकाळी साडेपाचची वेळ. दोन रस्त्यांचा सिग्नल, आणि चौकाच्या अलीकडच्या उजव्या कोपऱ्यावर गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप. त्याला गाड्यांच्या ये-जा करण्यासाठी प्रत्येक रस्त्यावर दोन अशी एकूण चार तोंडे. गाडीवाल्याला उजवीकडे वळायचे आहे. न्यू जर्सीत लाल दिव्यावर पूर्ण थांबून, रस्ता मोकळा पाहून उजवीकडे वळता येते (तिथे मनाईची पाटी नसेल तर). पण इथे उजव्या वळणासाठी वेगळी लेन नाही. पुढे चार गाड्या आहेत, आणि सर्वांत पुढच्याला सरळ जायचे आहे. म्हणजे तो हलेपर्यंत मागच्या सगळ्यांचे उजवे वळण अडलेले.

गाडीवाला स्टेअरिंग फिरवतो, पहिल्या तोंडातून पंपात शिरतो, दोन पंपांच्या मधल्या पट्ट्यातून तिरका जातो आणि दुसऱ्या रस्त्यावरच्या तोंडातून बाहेर पडतो. साधारण १५० फूट अंतर, ताशी १५ मैलांचा वेग. ताशी १५ मैल म्हणजे सेकंदाला २२ फूट, तेव्हा सगळा मामला सात सेकंदांत उरकला. समोरच्या बँकेच्या आवारात पोलिसांची गाडी उभी होती. तिकीट फाटले: कलम ३९:४-६६.२.

या कलमाचा आशय असा: सार्वजनिक रस्ता सोडून इतर सार्वजनिक जागेवरून, किंवा खासगी जागेवरून, मालकाची परवानगी असो वा नसो, वाहतूक सिग्नल अथवा पाटी टाळण्याच्या उद्देशाने मोटार चालवू नये. त्यातले दोन शब्दप्रयोग सगळे प्रकरण फिरवतात.

पहिला, ‘परवानगी असो वा नसो’. गाडीवाल्याचा ठरलेला बचाव असतो की पंपाचा मालक ओळखीचा आहे, त्याची काही हरकत नाही. त्याला इथे शून्य किंमत आहे. हा गुन्हा मालकाविरुद्ध नाही, सिग्नलविरुद्ध आहे. म्हणूनच मालकाच्या तक्रारीची वाट न पाहता पोलीस तिकीट देतात, आणि मालकाने ‘सोडून द्या’ म्हटले तरी ते रद्द होत नाही.

दुसरा, ‘टाळण्याच्या उद्देशाने’. टायर खासगी जागेवर गेले एवढ्याने गुन्हा होत नाही. पंपावर गाडी न्यायचीच असते. जागा त्यासाठीच आहे. एका तोंडाने येऊन दुसऱ्या तोंडाने जाणेही कायदेशीर आहे. बेकायदा ठरतो तो उद्देश. आता माणसाच्या डोक्यातला उद्देश शाबीत कसा करायचा? न्यू जर्सीच्या म्युनिसिपल कोर्टात वाहतुकीच्या खटल्यातही फिर्यादी पक्षाला आरोप वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावा लागतो. ज्युरी नसते, न्यायाधीश एकटेच तथ्य आणि कायदा दोन्ही ठरवतात.

सात सेकंदांत उद्देश कुठे दिसतो

उद्देशाचा थेट पुरावा बहुतेक वेळा एकच असतो, आणि तो गाडीवाला स्वतः देतो. पोलीस खिडकीशी येऊन विचारतात, ‘पंपातून का काढली?’ उत्तर येते, ‘सिग्नल लाल होता, घाई होती.’ झाले, काम संपले. हे वाक्य अहवालात जाते, अंगावरच्या कॅमेऱ्यातही जाते. रस्त्यावर गाडी थांबवून केलेल्या नेहमीच्या विचारपूस-टप्प्यावर ‘गप्प राहण्याचा तुम्हाला हक्क आहे’ ही सूचना देणे पोलिसांवर बंधनकारक नाही. १९८४ च्या बर्कमर विरुद्ध मॅकार्टी निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. परवाना, नोंदणीपत्र आणि विम्याचे कार्ड दाखवावेच लागते. कारण सांगणे मात्र सक्तीचे नाही. खोटे कारण सांगणे हा सगळ्यांत वाईट पर्याय, कारण पंपावर कॅमेरे असतात.

कबुली नसेल तर परिस्थितीवरून अनुमान काढले जाते. गाडी थांबली का? वेग कमी झाला का? एखाद्या पंपाशी किंवा दुकानाच्या दाराशी रेंगाळली का? बाहेर पडल्यावर ज्या दिशेला वळायचे होते त्याच दिशेला गेली का? शिरताना सिग्नल लाल होता का, आणि पोलिसाला तो दिवा उभ्या जागेवरून दिसत होता का? उलटतपासणीत या शेवटच्या प्रश्नावर साक्ष डळमळू शकते. पोलीस आडव्या रस्त्याच्या बाजूला उभा असेल तर त्याला गाडीवाल्याच्या बाजूचा दिवा दिसत नाही, आडव्या रस्त्याचा हिरवा दिसतो आणि त्यावरून तो समोरचा लाल मानतो. अनुमान चुकीचे नाही, पण ते अनुमान आहे हे न्यायाधीशांपुढे यायला हवे.

कलमात ‘लाल’ हा शब्द मात्र नाही. सिग्नल टाळणे एवढेच आहे. त्यामुळे ‘मी शिरलो तेव्हा हिरवा होता’ हा बचाव पूर्ण नाही. तो फक्त उद्देशाबद्दल शंका निर्माण करतो. हिरव्यावर कुणी सिग्नल कशाला टाळेल, हा त्यातला युक्तिवाद. पुढे रांग तुंबलेली असेल तर तोही लंगडा पडतो.

न्यू जर्सीची एक खासियत इथे उपयोगी पडते. १९४९ च्या कायद्यामुळे या राज्यात ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायचे नाही. पंपावरचा नोकरच भरतो. ओरेगॉनने २०२३ मध्ये आपली बंदी सैल केल्यापासून असे हे एकच राज्य उरले आहे. म्हणजे ‘पेट्रोल भरायला गेलो होतो’ म्हणणाऱ्याच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्ष द्यायला तिथे माणूस हजर असतो. पावती असेल तर तिच्यावर मिनिटासह वेळ असते. तिकिटावरची वेळ ५.३२ आणि पावती ५.२९ ची असेल तर प्रकरण तिथेच मिटण्याजोगे आहे. पावती ५.४० ची असेल तर ती तिकिटानंतर परत जाऊन घेतल्याचे उघड होते. लोक असे करतात!

‘भरायला गेलो, पण रांग मोठी दिसली म्हणून निघालो’ हा बचाव खराही असू शकतो. तो टिकायचा तर चित्रीकरणात गाडी निदान रेंगाळलेली दिसायला हवी. म्हणून तिकीट मिळाल्यावर पहिले काम चित्रीकरणाचे. पंपांचे रेकॉर्डर जुन्या चित्रणावर नवे चढवत जातात. कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पंपाच्या व्यवस्थापकाला लेखी विनंती द्यावी: तारीख, अमुक वेळेच्या आधीची आणि नंतरची दहा मिनिटे, कोणत्या तोंडाकडचा कॅमेरा. तोंडी सांगितलेले विसरले जाते. पोलीस गाडीच्या आणि अंगावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण म्युनिसिपल प्रॉसिक्यूटरकडे (फिर्यादी पक्षाच्या वकिलाकडे) लेखी मागणी करून मिळवायचे असते; ते आपोआप येत नाही.

भरायचे की लढायचे

सगळ्यांत जास्त होणारी चूक अशी की लोक तिकीट ऑनलाइन भरून मोकळे होतात. पैसे भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. दंडाची रक्कम छोटी दिसते म्हणून भरले जाते आणि नंतर परवान्यावर पॉइंट, म्हणजे वाहतूक-गुन्ह्याबद्दल नोंदले जाणारे दोषांक, चढल्याचे कळते.

हिशेब असा आहे. या कलमाखाली ५० ते २०० डॉलर दंड, शिवाय ३३ डॉलरपर्यंत कोर्टखर्च, आणि परवान्यावर २ पॉइंट. कागदावर १५ दिवसांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे, पण साध्या प्रकरणात तिचा विचार करायचे कारण नाही. गंमत म्हणजे सिग्नल सरळ तोडला असता तरी २ पॉइंटच लागले असते. पंपातून निसटल्याने कायद्याच्या नजरेत गुन्हा हलका झाला नाही. उलट वाढू शकतो: पंपातून बाहेर पडताना पदपथाच्या आधी पूर्ण थांबणे कलम ३९:४-६६ नुसार बंधनकारक आहे. सात सेकंदांत तिरके निघणारा तिथे थांबत नाहीच, म्हणून दुसरे तिकीट जोडले जाऊ शकते.

प्रॉसिक्यूटरकडून बऱ्याचदा तडजोड सुचवली जाते, ती कलम ३९:४-९७.२ ची, म्हणजे ‘असुरक्षित रीतीने वाहन चालवणे’. पहिल्या वेळी दंड ५० ते १५० डॉलर, पॉइंट शून्य. ऐकायला छान. पण त्यासोबत २५० डॉलरचा वेगळा अधिभार लागतो. कोर्टखर्च धरून ३३३ ते ४३३ डॉलरपर्यंत जाते. मूळ कलमात तेच ८३ ते २३३ पर्यंत राहते. म्हणजे २ पॉइंट टाळण्याची किंमत साधारण अडीचशे डॉलर.

ही किंमत द्यावी का? ज्याच्या परवान्यावर काहीच नाही, त्याने डोळे झाकून ‘हो’ म्हणू नये. एक वर्ष कोणताही गुन्हा न करता गेले तर ३ पॉइंट वजा होतात, म्हणजे हे दोन आपोआप जातात. मान्यताप्राप्त डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग कोर्सनेही पाच वर्षांतून एकदा २ पॉइंट कमी करता येतात. याउलट ज्याच्या नावावर आधीच ४ आहेत, त्याला तडजोड स्वस्त पडते: तीन वर्षांत ६ पॉइंट झाले की मोटार व्हेइकल कमिशन (परवान्यांचे राज्य खाते) १५० डॉलरचा अधिभार लावते, पुढच्या प्रत्येक पॉइंटला २५ डॉलर. बाराव्या पॉइंटला परवानाच निलंबनाच्या दारात उभा राहतो. आणि ९७.२ ची सवलत अमर्याद नाही. आधीच्या वेळेपासून पाच वर्षांच्या आत तिसऱ्यांदा घेतली तर ४ पॉइंट लागतात. विमा कंपन्यांचे गणित राज्याच्या पॉइंटांपेक्षा वेगळे असते, म्हणून तडजोडीआधी आपल्या एजंटला विचारावे.

आमच्या नमुन्यातल्या गाडीवाल्याने ‘घाई होती’ म्हटले होते, पावती नव्हती, चित्रीकरणात गाडी कुठेच थांबलेली नव्हती. अशा वेळी लढण्यात अर्थ नाही. परवाना कोरा असेल तर मूळ दंड भरून वर्षभर जपून चालवणे हा स्वस्त मार्ग. त्याने कबुली दिली नसती आणि पोलिसाला दिवा दिसत नव्हता असे निघाले असते, तर निर्दोषत्वाची बाजू मांडण्यात दम होता. निकाल विरुद्ध गेला तर २० दिवसांत सुपीरियर कोर्टाच्या लॉ डिव्हिजनकडे अपील करता येते. तिथे खालच्या कोर्टातल्या नोंदींवरूनच न्यायाधीश नव्याने विचार करतात, नवे साक्षीदार साधारणपणे येत नाहीत. म्हणून पावती आणि चित्रण पहिल्याच सुनावणीत नोंदवून घ्यायचे.

पाटीबद्दल एक गोष्ट सहज निसटते. कलमात सिग्नलबरोबर पाटीही आहे. ‘डावे वळण नाही’ अशी पाटी पाहून समोरच्या दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये शिरून, तिथून वळसा घेऊन परत येणे, किंवा स्टॉप साइन टाळायला कोपऱ्यावरच्या चर्चच्या आवारातून जाणे, हेही याच कलमात बसते. पोलिसाने हाताने पंपातून जायला सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या राज्यांत शब्द वेगळे, निकाल वेगळा

शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये कलम १२२५ चौक किंवा वाहतूक नियंत्रण टाळण्यासाठी पदपथ, ड्राइव्हवे, पार्किंग लॉट किंवा खासगी जागेवरून जायला मनाई करते. तिथेही उद्देश लागतो, पण टाळायची गोष्ट ‘चौक’ असली तरी पुरते. सिग्नल बंद असतानाही हे कलम लागू शकते. न्यू जर्सीचा परवाना असलेल्याला तिथे तिकीट मिळाले तर घरी परतल्यावर खात्यावर २ पॉइंट येतात, हे हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कला रोज जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. व्हर्जिनियाचे ४६.२-८३३.१ आणि मिशिगनचे २५७.६११ ही कलमे न्यू जर्सीच्याच घाटाची आहेत.

टेक्सासचे ५४५.४२३ मात्र वेगळ्या मांडणीचे. ड्राइव्हवे, पार्किंग लॉट किंवा दुकानाच्या प्रवेशातून गाडी न थांबवता आरपार जायचे नाही. आणि एका रस्त्यावरून दुसऱ्यावर वळण्यासाठी चौकाच्या कोपऱ्यावरची अशी जागा वापरायची नाही. मनात काय होते याचा शोध तिथे बराच कमी होतो. कायदा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही पद्धत सोपी. पण खरोखर पंपात काही कामाने डोकावून निघालेल्या माणसावर ती अन्याय करू शकते. न्यू जर्सीची पद्धत उलट: प्रामाणिक माणूस सुटतो, आणि थोडा हुशार लबाडही सुटतो. आम्हाला पहिली चूक जास्त खटकते. कॅलिफोर्नियात राज्यभर लागू असे खास कलम नाही, त्यामुळे तिथे एखाद्या शहराचा स्थानिक नियम आहे का ते पाहावे लागते.

न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात मराठी कुटुंबे बरीच आहेत, आणि त्यातल्या अनेकांचा हात पुण्या-मुंबईच्या चौकांत बसलेला. तिकडे कोपऱ्यावरच्या पंपातून ‘कट मारणे’ कुणी गुन्हा मानत नाही, आणि कायद्यातही त्याला थेट नाव नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात यासाठी वेगळे कलम नाही. पोलिसाला दुसऱ्याच कलमांचा आधार शोधावा लागतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ३२९, म्हणजे गुन्हेगारी अतिक्रमण, लावायचे तर गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा इरादा दाखवावा लागतो. सात सेकंदांत पंप ओलांडणाऱ्याला तो लावणे अवघडच. इकडे आल्यावर तीच सवय दोन पॉइंटांची होते.

मालकाने काय करावे

मालकाचा पहिला विचार अतिक्रमणाचा असतो. तो फारसा चालत नाही. न्यू जर्सीच्या २सी:१८-३ मधल्या अतिक्रमणासाठी सूचना दिलेली असावी लागते, तोंडी किंवा ठळक पाटीने. पण जी जागा दिवसभर ग्राहकांसाठी खुली आहे तिथे कोण ग्राहक आणि कोण निसटणारा हे पाटी ठरवू शकत नाही. ‘थ्रू ट्रॅफिकला (आरपार जाणाऱ्या गाड्यांना) मनाई’ अशी पाटी तरी लावावीच: ६६.२ च्या खटल्यात उद्देशाचा एक आणखी धागा म्हणून ती कामाला येते.

दुसरा मार्ग कमी लोकांना ठाऊक आहे. कलम ३९:५ए-१ नुसार खासगी रस्ता किंवा पार्किंगची जागा ताब्यात असणारा आपल्या आवारात टायटल ३९ चे (राज्याच्या मोटार वाहन कायद्याचे) वाहतूक नियम लागू करावेत अशी लेखी संमती नगरपालिकेला देऊ शकतो. मग आतल्या एकमार्गी खुणा आणि थांब्याच्या पाट्या पोलिसांना अंमलात आणता येतात. ६६.२ साठी याची गरज नाही, कारण त्यात खासगी जागा आधीच आहे. पण आत वेगाने धावणाऱ्यांसाठी हे हत्यार लागते.

खरा फरक मात्र काँक्रीटने पडतो. आधी मोजणी करावी: गर्दीचे दोन तास, आपल्याच कॅमेऱ्यावर, एका तोंडाने येऊन २० सेकंदांच्या आत न थांबता दुसऱ्याने गेलेल्या गाड्या. हा आकडा घेऊन नगरपालिकेच्या वाहतूक विभागाकडे गेले की बोलणे गांभीर्याने घेतले जाते. मूळ दुखणे बहुधा सिग्नलवरच असते: उजव्या वळणाची लेन नाही, किंवा विनाकारण लावलेली ‘लाल दिव्यावर वळण नाही’ ही पाटी, किंवा गाडी ओळखणारा रस्त्यातला सेन्सर बिघडलेला. ते सुधारले तर निसटणारे अर्धेअधिक आपोआप कमी होतात.

आवारात सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे चौकाला सर्वांत जवळचे तोंड बंद करणे. चारपैकी कोपऱ्याजवळची दोन तोंडे ही तिरक्या वाटेची दोन टोके असतात. एक बुजले की वाट लांबते आणि वेळ वाचेनासा होतो. राज्य महामार्गावरचे तोंड बदलायला राज्य परिवहन खात्याची परवानगी लागते, गावच्या रस्त्यावरच्यासाठी नगरपालिकेची. नकाशावर टँकरची वळणवाट आखून पाहिल्याशिवाय अर्ज करू नये. भूमिगत टाक्यांची झाकणे ज्या बाजूला आहेत तिथे टँकर पुढे जाऊन सरळ बाहेर पडला पाहिजे. तोंड बुजवल्यावर त्याला रस्त्यावर मागे यावे लागत असेल तर तो नवा धोका. अग्निशमन दलालाही नकाशा दाखवावा.

तोंड बंद करणे जमत नसेल तर पंपांच्या मधल्या पट्ट्यात रबरी गतिरोधक. दोन ते तीन इंच उंचीचे पुरतात. ते पदपथापासून दूर, आणि चाकाच्या खुर्चीच्या वाटेत येणार नाहीत असे बसवावेत. पाणी वाहून जाण्याच्या नाल्याशी काटकोनात नकोत, नाहीतर पावसात मागे तळे साचते. बोल्टने बसवलेले हे तुकडे पहिला बर्फ पडायच्या आत काढून ठेवावे लागतात. नाही काढले तर बर्फ ओढणाऱ्या ट्रकचे पाते ते उखडून नेते, आणि मार्चमध्ये डांबरात बोल्टांची भोके तेवढी उरतात.